नाना, कुर्डूबद्दल सांगायचं राहिलं

नाना, आमचा कागद तुम्हाला भरतीचा फॉर्म वाटला, तिथून हे सगळं सुरू झालं. विश्रामबागेत कॉलेजच्या रस्त्याला तुमचं झेरॉक्सचं दुकान, आणि मी चार प्रती काढायला आलेलो. कागदावर नाव, वंश, उंची, वजन, ताकद, चपळाई, हत्यार असे रकाने. तुम्ही सतरा वर्षं फौजेत गाडी चालवलेली, त्यामुळे असा कागद हातात आला की तुमची पाठ आपोआप ताठ व्हायची. कपाळावरचा चष्मा खाली ओढून तुम्ही तो वरपासून खालपर्यंत वाचलात आणि म्हणालात, "ही कंची भरती, साहेब? छाती इचारलीच न्हाई ह्यात."

मी म्हणालो, भरती नाही, खेळ आहे. "खेळाला वजन कशाला लागतंय?" मग मी उभ्या उभ्या समजावलं. चौघा-पाचजणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. एकानं बाकीचं जग सांभाळायचं: डोंगर, किल्ले, राक्षस, शत्रू सगळे त्याचे. आपलं पात्र काय करतंय ते आपण तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा सांगतो. जग सांभाळणारा मी. तुम्ही नीट ऐकून घेतलंत. "म्हंजे तोंडानंच लढायचं," म्हणालात, एक प्रत जास्तीची काढलीत, आणि दोन गिऱ्हाइकं तिष्ठत ठेवून ती भरायला बसलात. नाव स्वतःचंच. वडिलांच्या नावाला रकाना नव्हता, ते वर कोपऱ्यात लिहिलंत. हत्यार, काठी. वंशाच्या रकान्यात बाकीचे यक्ष, नागवंशी, अर्धराक्षस असं काय काय लिहायचे. तुम्ही लिहिलंत, माणूस.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. भेटेल तो तुमच्याबद्दल एकच बोलतो, की किती सरळ माणूस, आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. मला हे मान्य नाही. तुम्ही मला तीन वर्षं रविवारचे रविवार वैताग दिलात. जो किल्ला दोन बैठकांत पडायला हवा तो तुमच्यामुळे दोन महिने उभा राहिला. मी मोजणी खात्यातला माणूस, माझं आयुष्य शेतांच्या हद्दी आखण्यात गेलं, आणि काम वेळेत संपलं नाही की माझं डोकं फिरतं. हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही प्रश्न विचारायचे थांबला नाहीत.

मला रडून लिहिता येत नाही. लिहायचं कारणही वेगळं आहे. तुमच्याशी मी एकदा खोटं बोललो, तेही खेळात. खेळातलं खोटं म्हणून मी ते केव्हाच विसरलो असतो, पण तुम्ही ते खरं धरून चाललात आणि तसेच गेलात.

तुमच्यावरचा माझा पहिला राग तिसऱ्या की चौथ्या रविवारचा. दुपारची वेळ, दुकान बंद, माडीवरच्या खोलीत कागदांच्या थप्प्या आणि मधे टेबलावर भडंगाची परात. रेवती तेव्हा नुकतीच दातांच्या दवाखान्यात काम करायला लागली होती. तिचं पात्र इरा, कडे चढणारी, तिखट कानांची, पुढे जाऊन टेहळणी करणारी. मकरंद ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्याचा योद्धा आधी मारायचा आणि मग दार वाजवायचा. तुम्ही काठीवाले. फासे कुणाला दिसू नयेत म्हणून उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी.

पुलावर शत्रूची टोळी आडवी आली. पुस्तकात त्यांना गॉब्लिन म्हणतात, तुम्ही पहिल्या दिवसापासून बुटकी म्हणालात आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. दोन बुटकी पडली. तिसऱ्यानं भाला टाकला आणि गुडघ्यावर बसला. "मी त्याचं डोकं उडवतो," मकरंद म्हणाला आणि फासा उचलला.

"थांब रं," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे वळून विचारलंत, "नाव काय तुजं?"

मला क्षणभर वाटलं मलाच विचारताय. मग कळलं, त्या बुटक्याला विचारताय. माझ्या वहीत त्याला नाव नव्हतं. किती घाव सोसेल त्याचा आकडा होता आणि हातात भाला होता, बस. तोंडाला येईल ते सांगितलं, भुरक्या. "गाव कंचं?" काळदरी. "आय हाय?" आहे. "तिचं म्हायेर कुटलं?"

इथे मकरंदनं कपाळाला हात लावला. पण आपल्याकडे हे असंच चालतं. पाटणच्या स्टँडवर बाकावर शेजारी बसलेल्या परक्या माणसाला गाव, भावकी, मामाचं गाव विचारून कुठं ना कुठं नात्यातला पाहुणा लावल्याशिवाय कुणी सोडत नाही. तुम्ही तेच त्या पुलावर केलंत. भुरक्याच्या आईचं माहेर निघालं वरच्या खिंडीतलं, आणि आधीच्या रविवारी ज्या म्हातारीच्या घरी आपण मुक्कामाला होतो ती निघाली त्याची मावशी. हे सगळं मीच बोललो. तुम्ही विचारत गेलात आणि माझ्या तोंडून निघत गेलं. मग तुम्ही त्याला पाणी पाजलंत. पाणी पाजलेल्या माणसाला मारायचं कसं? मकरंदनं तोंड वाकडं करून तलवार म्यान केली.

पुढं तुम्ही त्याचा रिवाजच पाडलात. बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर कैद्याचा जबाब: नाव, गाव, आईचं नाव, हत्यार जमा, आणि शेवटी, पुन्हा हत्यार धरणार नाही, तुमची वाट कुणाला दाखवणार नाही. खाली सही. सगळे शत्रू माझेच, तेव्हा सही मीच करायची. दिवसभर मी लोकांच्या जबाबांवर सह्या घेणारा, आणि रविवारी तुमच्यासमोर बुटक्यांच्या सह्या करत बसलेला. त्यातही प्रत्येकाची सही वेगळी पाहिजे असा तुमचा हट्ट. एकदा मी दोघांची सारखीच केली तर तुम्ही कागद परत माझ्याकडे सरकवलात. "ही दोगं भाऊ न्हाईत, गड्या."

यावर आपले वाद किती झाले. मकरंदचं म्हणणं सरळ होतं. "नाना, पुस्तकातच लिहिलंय की ही जन्मतःच दुष्ट असतात." तुम्ही विचारलंत, "पुस्तक कुनी लिव्हलं? बुटक्यांनी लिव्हलंय का?" मकरंद शिक्षक आहे, तो एवढ्यानं गप्प बसणार नाही. त्यानं हिशेबी प्रश्न काढले. कैद्यांना बरोबर न्यायचं तर खायला काय घालायचं? झाडाला बांधून गेलो तर लांडगे खातील, मग मारलं काय आणि बांधलं काय? मोकळं सोडलं तर उद्या आपल्याच पाठीवर येतील. तुमच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं, आणि तेही ड्रायव्हरचं. "सैल गाठ मारायची. दिस मावळस्तवर सुटंल आशी." रेवती म्हणायची, त्यांचे जोडे काढून घ्यावेत, अनवाणी माणूस फार लांब जात नाही. तुम्हाला ते पटायचं, पण थंडीच्या दिवसांत नको म्हणायचात.

मला विचारलं की मी म्हणायचो, मोजणीवाल्याला बाजू नसते, साखळी जिथं पडेल तिथं दगड. हे वाक्य मला फार आवडायचं. अजूनही आवडतं, पण ते म्हणायचा हक्क मी गमावलाय.

एकदा मकरंदनं जरा भीतभीतच विचारलं होतं की नाना, खऱ्या लढाईत तुम्ही कैदी पाहिलेत का. तुम्ही भडंगाचा घास चावून संपवलात. "न्हाई रं. मी पीठ आन् बटाटं पोचवलं सतरा वर्सं. लढाई बगितली न्हाई, देवाची किरपा." मग हे तुमच्यात आलं कुठून, त्यानं विचारलं. "कुटनं म्हंजे? हातातलं टाकलं त्येनं. आता त्यो लढनारा ऱ्हायला न्हाई. मग कोन हाय त्ये इचाराय नगं व्हय?" मी वहीत उगाच काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

हे कबूल करतो की तुमचा हा रोग मला लागला. मोजणीला गेलो की मी साखळी टाकायच्या आधी दोन्हीकडच्या माणसांना नाव, गाव, आईचं माहेर विचारायला लागलो. कामं लांबली, पण भांडणं कमी झाली. दोनदा तर बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकमेकांचे लांबचे साडू निघाले आणि माझ्यासमोर चहा प्यायले. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके खूश झालात की त्या दिवशी प्रती फुकट दिल्यात. हे मी तुमच्याकडून घेतलं, आणि त्याबद्दल आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

आता कुर्डू.

त्या आठवड्यात एका गावी मी मोजणीला गेलो होतो. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, साहेब, भाऊ गावाला गेलाय, उद्या सकाळी करा. मी त्याचं नाव विचारलं, आईचं माहेर विचारलं, पाणी प्यायलो, आणि उद्या येतो म्हणून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर हद्दीचे दोन जुने दगड दहा हात सरकलेले, आणि तोच म्हातारा बांधावर बसून माझ्याकडे बघून हसत होता. बांधापलीकडच्या लोकांनी मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. वरिष्ठांनी ऐकवलं ते वेगळंच. रविवारी मी माडीवर आलो तो अंगातली ती आग घेऊनच.

आणि नेमका त्या रविवारी कुर्डू शरण आला. घाटाच्या पायथ्याच्या चौकीवरचा बुटका पहारेकरी. त्यानं कोयता टाकला, तुम्ही विचारपूस सुरू केलीत. नाव कुर्डू, गाव काळदरीच्या वरची वाडी, आई एकटी, आईचं नाव सोनी. तुम्ही जबाब लिहिलात, मी सही केली. तुम्ही त्याला पाणी दिलंत, सैल गाठ मारलीत, आणि आपण घाटाच्या चोरवाटेनं निघालो. ती वाट त्यानं पाहिली होती.

सोडलेल्या कैद्यासाठी माझा एक नियम होता, तुम्हा सगळ्यांना माहीत असलेला. आडोशामागे एक फासा टाकायचा. एक पडला तर तो शब्द मोडणार. दुसरं काहीही पडलं तर पाळणार. मी फासा टाकला आणि पाच पडले.

मी त्या पाचाकडे थोडा वेळ बघत बसलो. मग फासा उचलला, डबीत ठेवला, आणि वहीत लिहिलं की कुर्डू टोळीला घेऊन येतो. मला तुम्हाला एक धडा द्यायचा होता. त्या म्हाताऱ्याचा राग मी तुमच्यावर काढला.

दोन रविवारांनी आपण घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा चाळीस बुटकी दबा धरून बसली होती, आणि पुढं कोण आहे असं रेवतीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "कुर्डू." पुढची लढाई खरी होती, त्यातले फासे मी उघड्यावर टाकले. इरा सगळ्यात पुढे होती. ती तिथं पडली. रेवतीनं ते पात्र दोन वर्षं सांभाळलं होतं. त्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला इराच्या सवयी, तिला आवडणारी गाणी, तिच्या भावांची नावं लिहिली होती. तिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "चालायचंच. खेळ आहे."

तुम्ही उठून उभे राहिलात. पासष्टी ओलांडलेला माणूस, टेबलाच्या कडेला हात टेकून. "पोरी, माजं चुकलं," तुम्ही म्हणालात. "मी सोडलं त्येला. भोगलंस तू." आणि हात जोडलेत. रेवती "अहो नाना, काय हे" म्हणत राहिली. मला लाज वाटली. बोलावंसंही वाटलं. पण तेवढ्यात मकरंद म्हणाला, "मी सांगत होतो की नाही?" आणि मी गप्प बसलो, कारण त्या क्षणी मला आपण जिंकल्यासारखंही वाटलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

त्यानंतर तुम्ही विचारायचं बंद केलंत. पुढच्याच महिन्यात तीन बुटक्यांनी एका गुहेत हत्यारं टाकली. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. मीही वहीत तिघांची नावं आधीच लिहून आणली होती. तुम्ही काठी मांडीवर आडवी धरल्यासारखे हात ठेवून बसलात आणि म्हणालात, "ठरवा तुमी." मकरंदनं ठरवलं. अर्ध्या मिनिटात तिघं संपली, आपण पुढच्या दालनात गेलो. खेळ आता भरभर चालायला लागला, अगदी मला हवा तसा. किल्ला एका बैठकीत पडला, आणि त्या दिवशी भडंग तसंच उरलं.

मला सांगायच्या संधी कमी नव्हत्या. आठवड्यातून दोनदा तरी मी दुकानात यायचो. पण सगळ्यात मोठी संधी आली ती तुमच्या गावच्या शेताचा बांध बघायला आपण माझ्या गाडीतून निघालो तेव्हा. आष्टा, इस्लामपूर, कराड, मग पाटणचा रस्ता. सरकारी काम नव्हतं, तुम्ही म्हणाला होतात, "नुस्तं डोळ्याखालनं घाल." कराड सोडल्यावर तुम्हीच विषय काढलात.

"मला एक सांग गड्या. त्या कुर्डूनं आसं का केलं आसंल?"

मी गाडी चालवत होतो, म्हणजे तुमच्याकडे न बघायला कारण होतं. मी म्हणालो, "नाना, दया तुम्ही करता आणि त्याचं दुसऱ्याला निस्तरावं लागतं. कुर्डूनं का केलं हा प्रश्नच नाही. तुम्ही का सोडलं हा आहे." वाद म्हणून हा मुद्दा पक्का आहे, आजही मी तो मांडेन. पण मी तो मांडला तो माझ्याच खोट्यावर उभा राहून.

"व्हय. त्ये बराबर हाय तुजं," तुम्ही म्हणालात. "म्हनून तर मी आता कुनाला इचारत न्हाई." मग खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत म्हणालात, "पर मला त्येचं कळंना. पानी पिला. आयचं नाव सांगितलं, सोनी. आयचं नाव सांगून मानूस आसं करतंय व्हय? त्येला कुनी दम दिला आसंल का? आयला धरलं आसंल त्येच्या?"

"भ्यायला असेल," मी म्हणालो.

"आसंल," तुम्ही म्हणालात. तुम्ही ते मान्य केलंत. बुटक्यानं असं का केलं याचं कारण तुम्ही चार महिने शोधत होतात, आणि मी दुसरं खोटं सांगून तुम्हाला तेही दिलं. बांध बघितला, जेवलो, परत आलो. परतीच्या वाटेवर तुम्ही माझ्या नोकरीबद्दल, घरी काकींचा गुडघा दुखतो त्याबद्दल बोललात. कुर्डूचं नाव पुन्हा काढलं नाहीत.

महिन्याभरानं तुम्ही गेलात. सकाळी दुकान उघडलंत, पहिली प्रत काढलीत, आणि खुर्चीत बसलात ते बसलातच. मी लांब एका शिवारात होतो, मला कळलं ते दुपारी. तुम्हाला गावी नेलं होतं, मी तिथं पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला मात्र वेळेवर होतो. कोयनेच्या काठावर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. मी या गोष्टी मानत नाही. पण कावळा यायचा थांबला तर लोक पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतात, तुमचं अमुक राहिलंय ते करू, तमुक बघू, हे मी लहानपणापासून पाहिलंय. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. कावळा जर अडला, तर चार माणसांत पुढे होऊन बोलायचं, जे व्हायचं ते होवो. आणि नाना, कावळा आला तो सरळ पिंडावरच. एक मिनिटही नाही लागलं. काकी म्हणाल्या, "बगा, कशात जीव अडकला न्हवता त्यांचा." लोकांना बरं वाटलं. मी जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन सांगलीला परत आलो.

काल रविवार होता. काकींनी माडीची किल्ली दिली, खेळ चालू ठेवा म्हणाल्या. रेवती आणि मकरंद आले. मी आडोसा उभाच केला नाही. दोघांना सगळं सांगितलं, म्हातारा, दगड, फासा, पाच.

मला वाटलं होतं रेवती इराबद्दल बोलेल. ती म्हणाली, "इराचं मला काही नाही, दादा. मी दुसरं पात्र केलं. पण नाना माझ्या दवाखान्यात आले होते, तुला माहीत आहे? बाहेर बाकावर पाऊण तास नंबर लावून बसले. मला वाटलं दात दुखतोय. आत येऊन परत माफी मागून गेले. म्हणाले, त्या दिवशी सगळ्यांसमोर नीट बोलता आलं नाही." हे मला माहीत नव्हतं. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "तू त्यांना बघत होतास. दर रविवारी समोर बसून बघत होतास."

"बघत होतो," मी म्हणालो.

मकरंद आपल्या योद्ध्याचा कागद उलटसुलट करत होता. "गुहेतली ती तिघं मी मारली," तो म्हणाला. "नाना काही बोलले नाहीत म्हणून मारली. एक शब्द बोलले असते तर मी थांबलो असतो. मी दर वेळी त्यांनी थांब म्हणायची वाटच बघायचो." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "त्यांची नावं होती?"

होती. वहीत होती, मी वाचून दाखवली. रेवती म्हणाली, आता मला सांगून काय उपयोग, ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगायला हवं होतंस. ती बरोबर बोलली. तिच्यापुढे बसून मला पहिल्यांदा नीट कळलं की तुम्ही परत येणार नाही. मला तुमची फार आठवण येते, नाना. माझा खेळ लांबवायला मला तुम्ही हवे आहात.

निघताना मकरंदनं विचारलं, "मग कुर्डूचं खरं काय झालं?" ते जग माझं आहे, तेव्हा त्यात काय झालं हे मलाच सांगावं लागणार. त्या दोघांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो, कारण हा प्रश्न आधी तुमचा होता.

ऊन उतरल्यावर कुर्डूची गाठ सुटली. चोरवाट त्याला दिसत होती, त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि ओढ्याच्या कडेनं वाडीकडे चालू लागला. वाटेत टोळीवाले भेटले. इथून कुणी गेलं का, असं त्यांनी दरडावून विचारलं. कुणी नाही, तो म्हणाला. त्यांनी त्याला मारलं, तरी तो तेच म्हणाला. सोनी दारात उभी होती. कोयता कुठाय रं, तिनं विचारलं. टाकला, तो म्हणाला, आणि एका माणसानं तुझं नाव विचारलं, असं सांगून आत जाऊन झोपला. घाटात जी चाळीस आली त्यांच्यात तो नव्हता. कुणी दम दिला नव्हता, आईला कुणी धरलं नव्हतं, तो भ्यालाही नव्हता. त्यानं असं का केलं, म्हणून तुम्ही मला विचारलं होतंत. त्यानं केलंच नाही, नाना. ते मी केलं.